टिटवीचा नवा रेडिओ

फार वर्षांपूर्वी माळावरच्या धावपट्टीवर टिटवी नावाचं जुनं, छोटं विमान राहत असे. तिच्या वैमानिक गुलनारबाईंना बेताच्या पैशांत एकच नवं यंत्र घेता येणार होतं.

"मला सगळ्या विमानांसारखा नकाशा दाखवणारा रंगीत पडदा हवा!" टिटवी म्हणाली.

"आधी ऐकू तर येऊ दे," म्हणत बाईंनी खरखरणारा रेडिओ काढून नवा बसवला. टिटवी रुसली.

पुढच्याच उड्डाणात धुळीचं वादळ उठलं. काही दिसेना. टिटवी घाबरली. तेवढ्यात रेडिओतून स्वच्छ आवाज आला, "टिटवी, मी गरुड, टपालाचं विमान. उजवीकडे वळ, तिकडे आभाळ मोकळं आहे."

बाईंनी तिला वळवलं आणि ती लख्ख उन्हात आली.

"गरुडदादा, तुम्ही इथून नेहमी जाता?"

"रोज! रोज तुला हाक मारतो. तूच कधी ओ देत नव्हतीस."

मग काय, धावपट्टीवर उतरेपर्यंत टिटवीच्या गप्पा काही संपेनात.