गेला की उरला

“मग मागं काय उरलं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही,” रेठरेकर सर म्हणाले. “सगळं सोडून आलोय.”

बुवांनी धुनीतलं लाकूड थोडं आत सारलं आणि हाताला लागलेली राख धोतराला पुसली.

येरळा नदीच्या काठावर भिकागिरी बुवांचा लहानसा मठ होता. देऊळ, ओसरी, विहीर आणि एक कडुनिंब. बुवा तरुणपणी पलटणीत होते. तिथून परतल्यावर गोसाव्यांच्या या मठात आले आणि इथंच म्हातारे झाले. पाठ मात्र शिपायाची ती शिपायाचीच राहिली. बोलणं थोडं. आसपासच्या गावांतली माणसं येत, पाया पडत, आपलं गाऱ्हाणं सांगत. पुष्कळदा बुवा नुसतं ऐकूनच घेत, आणि माणसं हलकी होऊन परत जात.

मुकुंद रेठरेकर तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. एकेका साध्या शब्दावर ते अख्खा तास घ्यायचे. त्या तासाला दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडक्यांत येऊन उभी राहायची. सरांना ते माहीत होतं, आणि ते सांगायला त्यांना आवडायचंही.

आता ते दीक्षा मागायला आले होते. पिशवीत नवी भगवी छाटी होती, दुकानातली घडीसुद्धा न मोडलेली.

बुवांनी ती बोटांनी चाचपून पाहिली आणि रंग जातो का, एवढंच विचारलं. या प्रश्नात काही खोल अर्थ असणार असं वाटून सर बराच वेळ विचार करत राहिले. शेवटी बुवांनीच सांगितलं, की इथल्या विहिरीचं पाणी जड आहे, कपड्याचा रंग टिकत नाही.

सरांना ओसरीवरची खोली मिळाली. पहाटे उठून ते अंगण झाडत, पाणी शेंदत, देवळात दिवा लावत. हाताला फोड आले तरी कुरकुरले नाहीत. पण दीक्षेचं विचारलं की बुवा तोच प्रश्न परत करत. मागं काय उरलं?

एका सकाळी सर वैतागले. ते म्हणाले, सोडलं म्हणजे सोडलं. त्यात पुन्हा उरायचा प्रश्न कुठं येतो?

बुवांनी शांतपणे विचारलं, “इंग्रजीत काय म्हणतात याला? ‘सोडलं’ याला?”

“लेफ्ट.”

बुवांचा चेहरा उजळला.

“तो आमच्या ओळखीचा शब्द आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी पलटणीतलं सांगितलं. गावाकडं दोन्ही पाय सारखेच असायचे, कुठलाही आधी पडला तरी वाट सरायची. तिथं कवायत घेणारा उस्ताद कानाशी येऊन ओरडायचा. चालायला लागायचं ते डाव्या पायानं. लेफ्ट म्हणजे डावा. रात्री झोपेतसुद्धा पाय हलायचे, म्हणे.

सरांना हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. डावा हा एक अर्थ झाला, ते म्हणाले, पण या शब्दाचं घर मोठं आहे. आणि मांडी बदलून त्यांनी तो शब्द उलगडायला घेतला.

गाडी सुटली, तीही लेफ्ट. नोकरी सोडली, लेफ्ट. स्टेशनवर छत्री विसरून आलो, लेफ्ट. बापानं मुलांसाठी मागं शेत ठेवलं, ते लेफ्ट. ताटात टाकलेलं अन्न, तेही तेच. हल्ली तर पोरं फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडली की ‘मी लेफ्ट झालो’ असं चक्क मराठीत सांगतात. बोलता बोलता सरांचा आवाज चढला, हात हलू लागले. ओसरीला खिडक्या असाव्यात आणि त्या मुलांनी भरलेल्या असाव्यात, तसे ते बोलत होते.

“आणि खरी गंमत पुढंच आहे, बुवा. जे गेलं ते लेफ्ट. आणि ते गेल्यावर जे उरलं, तेही लेफ्टच. गेलेल्याला आणि उरलेल्याला एकच शब्द.”

बुवा मन लावून ऐकत होते.

“मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?” त्यांनी विचारलं. “गेला की उरला?”

“शेजारच्या शब्दांवरून. एकटा शब्द काही सांगत नाही. त्याच्या शेजारी कोण आहे, ते बघावं लागतं.”

“शेजारी कोण आहे...”

बुवा तेवढंच पुटपुटले. कडुनिंबाचा मोहोर ओसरीवर गळत होता.

“तुमच्या शेजारी कोण होतं?”

सरांचे हात मांडीवर आले.

मग त्यांनी सांगितलं. घरी शरयू आहे. बायको. गेल्या दिवाळीच्या आधी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. शब्द आहेत आत, पण बाहेरची वाट बंद झाली, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू येईल बोलणं, कदाचित येणारही नाही.

आयुष्यभर घरात बोलायची ती शरयूच. सर कॉलेजात बोलून बोलून दमून येत आणि घरी नुसतं ऐकत. बाजारात काय मिळालं, शेजारच्या सुनेचं काय झालं, दुधात आज किती पाणी होतं. तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष पेपरात असे. आता घरात भांडं आपटलं तरी दचकायला होतं, इतकी शांतता.

त्यांनी काही कमी केलं नव्हतं. हे ते दोनदा म्हणाले. दिवसाची बाई ठेवली. पलंग खिडकीशी घेतला. आता मुलगी, केतकी, राहायला आली आहे, आईचं सगळं बघते. सगळी सोय लावूनच ते निघाले होते.

“त्या दिवसभर काय करतात?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. मी काही करूच दिलं नाही. सुरुवातीला डाव्या हातानं काहीबाही करायला जायची. चहा टाक, भाजी निवड, उशीला अभ्रा घाल. पडायचं, सांडायचं. घामाघूम व्हायची. मी हातातून काढून घ्यायचो. तिला त्रास नको म्हणून.”

“मग?”

“मग तिनं सोडून दिलं.”

सर थांबले. वाक्य बोलून झाल्यावर ते त्यांना ऐकू आलं असावं.

थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, की आता ती भिंतीकडं तोंड करून पडून असते. ते शेजारी बसून वाचून दाखवत. ती वळत नसे. केस विंचरू का म्हणून विचारलं तर डोळे मिटून घेई. आपण त्या खोलीत असलो काय, नसलो काय, असं त्यांना वाटू लागलं होतं. माणूस असून नसल्यासारखा झाला की त्यानं जावं कुठं?

बुवांनी दोष दिला नाही. समजूतही घातली नाही.

“दमलात,” ते म्हणाले.

सरांना एकदम भरून आलं. शरयूच्या तब्येतीची चौकशी करायला पुष्कळ लोक येऊन गेले होते, सल्ले देऊन गेले होते. हे कोणी म्हणालं नव्हतं.

दुपारी आरती झाली. देवळात दोघंच होते. बाहेर ऊन रणरणत होतं, गाभाऱ्यात गारवा होता. बुवांनी नैवेद्याच्या वाटीतला गूळखोबऱ्याचा प्रसाद घेतला आणि हात पुढं केला.

सरांनी ओंजळ उचलली आणि मध्येच थांबले.

बुवांनी प्रसाद डाव्या हातानं पुढं केला होता.

वय झालंय, चुकले असतील, असं सरांना वाटलं. हात बदलतील म्हणून ते वाट बघत राहिले.

हात तसाच होता.

“बुवा... हा डावा हात.”

“हो.”

“प्रसाद आहे.”

“हो.”

म्हाताऱ्या माणसाचा हात. थोड्या वेळानं तो थरथरू लागला. तरी मागं गेला नाही. खोबऱ्याचा एक तुकडा फरशीवर पडला. बुवांनी खाली पाहिलं नाही, ते सरांकडं बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं.

असं वाट पाहणं सरांनी आधी पाहिलं होतं.

संक्रांतीला. शरयूला बघायला आळीतल्या बायका आल्या होत्या. सणाला आलेल्या केतकीनं आईला काळी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर तिळगुळाची वाटी. सगळ्यांच्या देखत तिनं डावा हात वाटीत घातला, कसाबसा एक लाडू धरला आणि सगळ्यांत आधी सरांच्या पुढं केला. हात थरथरत होता. तोंडातून घशातला एक आवाज येत होता. कोणीतरी नजर खाली घातली. शेजारच्या काकू पदराशी चाळा करू लागल्या.

सरांनी तिचं मनगट धरलं. हळुवार, अगदी हळुवार. तो हात त्यांनी परत तिच्या मांडीवर ठेवला.

चारचौघांत आपण तिची लाज राखली, असं त्यांना वाटलं होतं. त्याच दिवसापासून ती भिंतीकडं वळली, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि तो घशातला आवाज कसला होता, हेही नाही.

तो आता, या देवळात, त्यांना नीट ऐकू आला.

घ्या, म्हणत होती ती.

सरांनी ओंजळ पुढं केली. प्रसाद घेतला, तिथंच उभ्यानं खाल्ला. फरशीवरचा तुकडा उचलून तोही तोंडात टाकला. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि लहान मूल रडतं तसे रडले. बुवा त्यांच्याजवळ येऊन बसले. पाठीवर हात ठेवला नाही, उठूनही गेले नाहीत.

“बुवा,” बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “उजवा गेला तिचा. डावा तेवढा...”

पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि ते थांबले. डावा, आणि उरलेला. आयुष्यभर ज्या शब्दावर तास घेतले, तो शब्द त्यांना उच्चारवेना.



सरांनी आत जाऊन तोंड धुतलं. खोलीतली चटई गुंडाळली, पंचा झटकला, पिशवी भरली. छाटी मठातच राहिली. मुद्दाम की विसरून, हे सरांनाही सांगता आलं नसतं. फाट्यावरून दुपारची एसटी मिळाली तर संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी पोचता येणार होतं.

पाया पडून ते निघाले. कुंपणाच्या काटक्यांपर्यंत गेले आणि परत फिरले. सकाळचा तो चढलेला आवाज आता कुठंच नव्हता.

“जातो खरा, बुवा. पण तिच्यासमोर जाऊन बोलू काय? माफी मागायची तर कुठल्या तोंडानं, कुठल्या शब्दात? मला सगळे शब्द येतात. तिला एकही येत नाही. मी बोललो तर ती पुन्हा तोंड फिरवेल.”

बुवा कडुनिंबाच्या सावलीत उभे होते. त्यांनी पिशवीचा निसटलेला बंद सरांच्या खांद्यावर नीट बसवला.

“बोलू नका,” ते म्हणाले. “चहा मागा.”