करकोचा तीनदा हाक मारतो

अगं, हातातलं सगळं खाली ठेव आणि आधी हे ऐक! त्या पिंजाऱ्याचं काय झालं माहितीये का तुला? म्हणजे झालंय तसं फार फार पूर्वी, इतकं पूर्वी की तेव्हा राजांना नावंसुद्धा नव्हती, नुसतं 'राजा' म्हटलं की काम भागायचं. पण मला आपलं आत्ता, दारासमोर घडल्यासारखं वाटतंय.

तर एका तळ्याकाठी एक गाव होतं. गाव कसलं, ढगाच्या पोटात ठेवलेलं घरटंच ते. रोज सकाळी तळ्यातून वाफ निघायची आणि गल्ल्यांमधून सावकाश चालत यायची, जणू भाजी आणायला निघालीये. त्या गावात आपला पिंजारी राहायचा. दिवसभर कापूस पिंजताना त्याच्या पिंजणीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, वाजायची, टँव टँव टँव. कापूस उडायचा, छताला लागायचा, हळूहळू खाली यायचा. गावातली लेकरं म्हणायची, आकाशातले ढग याच्याच घरात तयार होतात.

त्याचं घर म्हणजे एकच खोली, पण छत देवळाएवढं उंच. बुटक्या घरात कापूस मोकळा उडत नाही ना! आणि तसं घर बांधायला त्याने कर्ज काढलं होतं, तळ्यातल्या कासवआजीकडून.

आता ही कासवआजी कोण? तळ्याइतकीच जुनी. तळाशी तिच्या मोहरा होत्या, आणि गावात कुणालाही घर बांधायचं झालं की ती द्यायची. घर तिच्याकडे तारण. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा करकोचा दारात यायचा, तीनदा हाक मारायचा, हप्त्याचं एक चांदीचं नाणं चोचीत घ्यायचा आणि लांब लांब टांगा टाकत पुढच्या घरी जायचा. आठ वर्षं असे हप्ते दिले की घर तुमचं. पिंजाऱ्याने तीन वर्षं एकही हप्ता चुकवला नव्हता.

आणि मग त्या वर्षी धुकं आलं, ते गेलंच नाही.

एक आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला. सूर्य म्हणजे दुधात पडलेली खारीक, कुठेतरी आहे एवढंच कळायचं. कापूस ओला झाला. ओला कापूस तातेला चिकटतो, उडत नाही. तात वाजायची थांबली. गाद्या नाहीत, उशा नाहीत, पैसे नाहीत. आणि पौर्णिमा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आवाज आला, "पिंजारीदादा, आहात का घरात?"

पिंजारी काय करतो? सरळ कापसाच्या ढिगात घुसतो!

"पिंजारीदादा, आहात का?" दुसरी हाक.

नाकात तंतू गेला, शिंक आली, त्याने दोन्ही हातांनी नाक दाबलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज केला नाही. बायकोकडे पाहून नुसती मान हलवली, नको, नको, उघडू नको.

तिसरी हाक झाली. पावलं पाण्यातून गेल्यासारखी दूर गेली. दार किलकिलं करून बघतात तर कडीला एक हिरवं लव्हाळं बांधलेलं.

"अहो, लपलात ते लपलात," बायको म्हणाली, "पण दोन्ही पाय बाहेर होते. खिडकीतून त्याने बघितलं असेल तर?"

"बघितलं असतं तर आत आला असता."

"का येईल? तो करकोचा आहे, चोर नाही. काय झालंय ते सांगून टाकू ना."

"वेडी आहेस का? रिकाम्या हाताने दार उघडलं की घर गेलंच. सगळं गाव सांगतं."

आणि खरंच गाव तसंच सांगायचं. सगळ्यात जास्त सांगायचा शेजारचा कुंभार. तो भिंतीवरून डोकं काढून म्हणायचा, "पिंजारीभाऊ, त्या न्हाव्याचं घर आठवतंय ना? गेलं! तांबटाचं? गेलं! हप्ता नसताना त्या लंबूटांग्याच्या समोर उभं राहायचं नाही, सांगून ठेवतो. त्याने डोळ्यात डोळा घातला की कागदावर अंगठा दिल्यासारखंच."

"तुझं बरंय बाबा," पिंजारी म्हणायचा. "तुझे हप्ते वेळेवर."

"मग! आपलं काम चोख," कुंभार म्हणायचा आणि डोकं पटकन खाली घ्यायचा.

दुसरी पौर्णिमा झाली. या वेळी पिंजाऱ्याने शक्कल लढवली. बाहेरून कुलूप घातलं आणि मागच्या खिडकीतून आत आला. करकोच्याने कुलूप बघितलं, तरी तीनदा हाक मारलीच. कडीला दुसरं लव्हाळं लागलं.

त्यानंतर पिंजाऱ्याला स्वप्नं पडायला लागली. रोज तेच स्वप्न. घर जमिनीवरून सुटलंय, कापसासारखं हलकं होऊन धुक्यात वर चाललंय, आणि हा खाली त्याची दोरी धरून पळतोय. दोरी म्हणजे पिंजणीची तात. हातातून सुळकन निसटते. घर वाजतं, टँव. आणि मग काहीच नाही, नुसतं पांढरं.

दिवसासुद्धा त्याचं तसंच झालं. पाणी भरायला तळ्यावर जायचं टाळायचा, लांबच्या विहिरीवर जायचा. पाण्यावर काही हललं की दचकायचा. बायको मात्र चुलीजवळ मूठ मूठ कापूस सुकवून वाती वळत बसायची. धुक्यामुळे लोक दिवसाही दिवे लावायचे, त्यामुळे वाती खपायच्या. फार नाही, पण मिठामिरचीला पुरायच्या.

तिसऱ्या पौर्णिमेला चार दिवस उरले, तेव्हा तिने वातींची परडी खाली ठेवली. "अहो, ऐका. उद्या तळ्यावर तुम्ही तरी जा, नाहीतर मी जाते. मी गेले तर सगळं सांगणार. कापसात लपल्याचंसुद्धा."

"ते कशाला?"

"मग तुम्ही जा."

गेला बिचारा. पिंजण खांद्यावर टाकली, म्हटलं, दुसरं काही नाही तर हीच देऊ. धुकं इतकं दाट की स्वतःचे पाय दिसत नव्हते, तळ्याच्या पायऱ्या आपोआप पायाखाली येत होत्या. शेवटच्या पायरीवर तो बसला. समोर पाणी होतं की ढग, कळत नव्हतं. मग त्या पांढऱ्यातून एक डोकं वर आलं, सुरकुतलेलं, शांत, आणि मागून छोट्या टेकडीएवढी पाठ.

"कोण रे?" कासवआजीने विचारलं.

पिंजाऱ्याने पिंजण पटकन पाठीमागे लपवली. "मी... मी असाच, वाटसरू."

"बरं. मग वाटसरू, काय काम काढलंस?"

"माझं काही नाही, आजी. माझा एक मित्र आहे. त्याचे दोन हप्ते राहिलेत."

"अरेरे. आणि तुझ्या या मित्राच्या कानात असाच कापूस अडकलेला असतो का?"

पिंजाऱ्याचा हात कानाकडे गेला. तो हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. मग सगळं सांगितलं त्याने. धुकं, ओला कापूस, ढीग, कुलूप, खिडकी, स्वप्न. शेवटी पिंजण पुढे केली. "ही ठेवून घे. घर तेवढं नेऊ नकोस."

"पिंजण घेऊन मी काय करू? पाणी पिंजू?" आजी म्हणाली. "आणि धुकं गेल्यावर तू कशाने कमवशील? आधी ती उचल बघू."

त्याने उचलली.

"कडीला लव्हाळं कशाला बांधतो करकोचा, माहितीये तुला?"

"घर जप्त करायची खूण."

"कोण म्हणालं असं? तो माझा प्रश्न आहे. एक लव्हाळं म्हणजे, काय झालं? दोन म्हणजे, अरे, काय झालं? आणि तिसऱ्यालाही आतून उत्तर आलं नाही, तर मी काय समजू? माणूस गेला, पळाला की कापसात बसलाय, मला इथे तळाशी काय कळणार? मग ते घर सोडलेलं धरायचं, असा या तळ्याचा कायदा आहे. तो मलाही मोडता येत नाही. न्हाव्याचं घर हप्त्यामुळे नाही गेलं. त्याने दार उघडलं नाही, म्हणून गेलं."

पिंजाऱ्याने विचारलं, "मग हे गावात कुणाला कसं माहीत नाही?"

"अर्ध्या गावाला माहितीये! ज्यांचं अडलं ते येतात, इथेच बसतात, या पायरीवर. वाट निघते, आणि घरी जातात. पण परत जाऊन कुणी सांगत नाही. लाज वाटते. ज्यांचं घर गेलं त्यांचंच तेवढं गावाला दिसतं." आजीने डोळे मिटून उघडले. "असो. किती देऊ शकशील?"

"पुढच्या महिन्यात तिन्ही हप्ते! एकदम! शपथ घेतो!"

"धुकं तुझ्या सांगण्यावरून उठणारे का?"

"...नाही."

"मग खोटं कशाला बोलतोस? खरं सांग, आता घरात काय येतंय?"

"वातींचे पैसे. महिन्याला नाण्याचा चतकोर बाजूला पडेल."

"मग धुकं असेपर्यंत चतकोर दे. राहिलेले हप्ते शेवटी जोडू. आठाऐवजी साडेआठ वर्षं लागतील, आणि उशिराची दोन नाणी जास्त पडतील. मी काही धर्मशाळा चालवत नाही. जमेल?"

"जमेल, आजी."

"आणि करकोच्याने हाक मारली की दार उघडायचं. हात रिकामा असला तरी."

घरी येताना धुकं तेवढंच दाट होतं, पण पिंजाऱ्याला सगळ्या वाटा दिसत होत्या. भिंतीवरून कुंभाराचं डोकं वर आलं. "काय रे, सकाळी सकाळी कुठे?"

आता बघ हं, सांगायची संधी होती ना! तोंड उघडलंही त्याने. पण हप्ते थकले, आजीसमोर रडलो, हे कुंभाराला कसं सांगायचं? ज्याचं काम चोख त्याला?

"काही नाही," तो म्हणाला. "फिरायला गेलो होतो."

"धुक्यात?"

"बरं वाटतं."

पौर्णिमा झाली, करकोचा आला. पहिल्याच हाकेला दार उघडलं. पिंजाऱ्याने चतकोर पुढे केला. करकोच्याने तो घेतला, कडीची दोन्ही लव्हाळी चोचीने सोडवली आणि म्हणाला, "वहिनी, वाती छान वळता हं. आमच्या आजीला दोन डझन पाहिजेत." एवढंच. पिंजारी त्या रात्री तीन महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोपला.

आणखी एक महिना गेला. पुन्हा पौर्णिमेनंतरची सकाळ. त्या दिवशी, अगं, धुकं विरळ झालं! पहिल्यांदाच शेजारचं अंगण दिसलं. पिंजाऱ्याचा हप्ता घेऊन करकोचा कुंभाराच्या दाराकडे वळला. पिंजारी उगाच बघत उभा होता, आणि त्याला करकोच्याच्या चोचीत लव्हाळं दिसलं.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"तिसरं आहे," करकोचा खाली मान घालून म्हणाला. "पहिली दोन यांनी सोडून आत लपवली."

धुक्यात कापूस उडत नाही, तशी मडकीही सुकत नाहीत! इतकी साधी गोष्ट, भिंतीला भिंत लागून, आणि आपल्या डोक्यात आली नाही?

"कुंभारदादा, आहात का घरात?" करकोच्याने हाक मारली.

"उघड रे!" पिंजारी धावत जाऊन दार बडवायला लागला. "काही करत नाही तो! मी जाऊन आलोय आजीकडे, माझेही थकले होते! उघड!"

"कुंभारदादा, आहात का?"

"अहो, आहे ना तो आत, मी सांगतोय ना!" पिंजारी करकोच्याला म्हणाला.

"एकाच्या घराचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही, दादा." तिसरी हाक त्याने फार सावकाश मारली. जितकी लांबवता येईल तितकी लांबवली.

कुंभार घरातच होता गं. बायकोमुलांना लांबच्या विहिरीवर धाडून आपल्याच हाताने केलेल्या सगळ्यात मोठ्या रांजणात, वर झाकण ओढून बसला होता. रांजणात बाहेरचं काही ऐकू येत नाही. तिथे फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि तो फार मोठा वाटतो.

दुपारी स्वच्छ ऊन पडलं. मडकी सुकवायला याहून चांगला दिवस नव्हता. आणि कुंभार बायकोमुलांना घेऊन, चाक गाढवावर लादून घराबाहेर पडला. पिंजाऱ्याने त्यांना जाऊ दिलं नाही. आपल्या उंच छताखाली अर्धी खोली दिली. घर परत देता मात्र कासवआजीलाही आलं नाही.

तेव्हापासून पिंजारी बदलला. गादी द्यायला कुणाच्या घरी गेला की न विचारता सुरू व्हायचा, "माझे दोन हप्ते थकले होते बरं का, मी कापसात लपलो होतो, मग आजीकडे गेलो." लोक हसायचे. हसू दे. पण म्हणतात, त्यानंतर त्या गावातलं एकही घर तिसऱ्या लव्हाळ्याने गेलं नाही.

म्हणून सांगते, अडचण दाराआड दडवली की घर गिळते, आणि वेळेवर बोलून दाखवली की वाट देते.

आता खरं खरं सांग हं, भिंतीवरून कुंभाराने विचारलं होतं ना, "सकाळी सकाळी कुठे?" तेव्हा पिंजाऱ्याच्या जागी तू असतीस, तर काय सांगितलं असतंस?