नाळेवरची बिनमुकुटाची देवी

एका राज्यात समुद्रापलीकडच्या सम्राटाची सत्ता चालत असे. तेथील बंदरात कुंतला नावाची विधवा काष्ठशिल्पी राहत होती. गलबताच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढल्या टोकावर, जी मूर्ती बसवतात, ती घडवणे हा तिचा पिढीजात व्यवसाय. मूर्ती नेहमी सम्राज्ञीची आणि साचा नेहमी एकच.

सम्राटाचा मांत्रिक धूम्रकेत याने बंदराला शाप दिला होता: सम्राटाच्या ध्वजापुढे जो गुडघे टेकणार नाही, त्याचे लाकूड होईल. कुंतलेची कन्या मंजुघोषा हिने गुडघे टेकले नाहीत. हनुवटी वर केलेली ती धक्क्यावर सागवानी होऊन उभी राहिली. तिच्यासारखे आणखी कित्येक होते. सम्राटाचे जहाज आले, की या सर्वांची रवानगी त्याच्या भट्टीत व्हायची होती.

कुंतला रडत बसली नाही. ती कड्यावरच्या वृद्ध गरुडाकडे गेली.

"पक्षिराज, शाप कसा उतरेल?"

"या भूमीची मूर्ती घडव. तिने त्या जहाजापुढे मान लववता कामा नये. लाकूड सम्राटाची मोहर नसलेले आण. तिच्या हातातल्या काठीवर, सुटका झालेल्या दासाने आपखुशीने दिलेली टोपी लाव. आणि चेहरा तिचा तिला दे."

"तो कोणी पाहिला आहे?"

"मला काय विचारतेस? मी पक्षी आहे," असे म्हणून गरुड पिसे साफ करू लागला.

रानातल्या झाडाझाडावर सम्राटाची मोहर उमटवलेली होती. तेव्हा कुंतलेने स्वतःच्या घराचे आढे, छपराची मधली तुळई, उतरवले. ते सम्राटाची सत्ता येण्याआधीचे होते. छप्पर खाली आले. तिने मागे वळून पाहिले नाही.

मग ती सोनजीकडे गेली. सम्राटाच्या गलबतावर दास म्हणून वल्ही मारण्यात त्याचे तारुण्य सरले होते; आता तो सुटला होता.

"टोपी फाटकी आहे, बाई."

"चालेल. पण परत मिळायची नाही."

"नको परत. मात्र उंच लावा. आजवर खाली मान घालूनच वापरली."

कुंतलेने पटाशी धरली. हात मात्र सवयीचे गुलाम निघाले. त्यांनी तोच सरळ नाकाचा चेहरा कोरला, वर मुकुटही कोरला. मुकुट पुरा होताच मूर्ती गुडघ्यांत वाकू लागली.

धूम्रकेत दारात उभा राहून हसला. "कुंतलाबाई, हात तुमचे, पण साचा आमचा!"

तिने वाकस उचलला आणि एका घावात मुकुट उडवला, दुसऱ्या घावात चेहरा तासून काढला. मूर्ती पुन्हा ताठ झाली. मग कुंतलेने बंदरावरच्या माणसांना हाक दिली.

"या, समोर बसा. चेहरा तुमच्यातूनच घेणार आहे."

"नाक माझे घ्या," मासळीवाली गजरा म्हणाली.

"एवढे? गलबत बुडेल की!" सोनजी उद्गारला.

"तुमचे कान लावले तर शिडाची गरज नाही, भाऊ!"

कपाळ मिठागरातल्या बाईचे आले, हात सोनजीचे. एक डोळा दुसऱ्याहून किंचित मोठा झाला. कुंतलेने तो तसाच राहू दिला.

सम्राटाचे जहाज भर उन्हात आले. त्याला सामोरे बंदरातून एक लहान गलबत निघाले. नाळेवर भूमी उभी होती, काठीवर टोपी, खांद्यावर स्वतः गरुड येऊन बसलेला.

"नमन कर!" धूम्रकेत धक्क्यावरून गरजला. मूर्ती हलली नाही. "ही कोणाची राणी?"

"कोणाचीच नाही," धक्क्यावर मंजुघोषेशेजारी उभी असलेली कुंतला म्हणाली. "ही आमची भूमी आहे."

सम्राटाच्या ध्वजाची काठी मधोमध मोडली. धक्क्यावरच्या सागवानाला ऊब आली, मग श्वास आला. मंजुघोषेने आईचा हात धरला. सम्राटाचे जहाज तोंड फिरवून निघून गेले, ते पुन्हा आले नाही. बंदराचा कारभार बंदराच्या लोकांनी हाती घेतला.

धूम्रकेत मात्र मागेच राहिला होता. त्याने मूर्तीपुढे गुडघे टेकले.

"उठा," कुंतला म्हणाली. "येथे कोणी गुडघे टेकत नाही. तुम्हीसुद्धा."

अशी त्या बंदराची मान सरळ झाली. ऐकणाऱ्यांचीही सरळ राहो.