छत्रधाऱ्याची साक्ष

समुद्रकाठच्या एका लहानशा राज्यात बाबल नावाचा छत्रधारी होता. राजाच्या तोंडावर ऊन पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यासाठी नजर सतत वर, छत्राच्या काठावर ठेवावी लागे.

एकदा जत्रेच्या गर्दीत कुणीतरी राजावर वार केला. राजा जागीच गतप्राण झाला आणि मारेकरी गर्दीत नाहीसा झाला. बाबल राजाला अगदी खेटून उभा होता, पण त्याने पाहिलं होतं ते फक्त छत्र.

तसं सांगायला काय हरकत होती? पण दिवाणांनी भर दरबारात विचारलं, "इतका जवळ होतास, हत्यार तरी पाहिलंस ना?" सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही दिसलं नाही म्हणायची बाबलला लाज वाटली. तो म्हणाला, "सुरा होता, सरकार."

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी सांगितलं, की जखम रुंद आहे, सुऱ्याची नव्हे. माणसाने इथे तरी शहाणं व्हावं! पण बाबल म्हणाला, "आता नीट आठवलं. कोयता होता." लोकांनी माना डोलावल्या. हळूहळू बाबललाही तो कोयता डोळ्यांपुढे दिसू लागला.

जत्रेत कोयता घेऊन बसलेला माणूस एकच होता, शहाळी विकणारा धाकू. शिपायांनी त्याला बांधून आणलं. तो बाबलचा शेजारी, साधा, पापभिरू माणूस. त्याला पाहताच बाबल पुढे धावला.

"सरकार, हा नव्हे! मी काहीच पाहिलं नाही. माझी नजर वर होती!"

दिवाण कडाडले, "आधी सुरा, मग कोयता, आणि शेजारी सापडला म्हणून आता काहीच नाही? कोयता जखमेशी जुळतो. तेवढंच मी खरं धरतो."

धाकूला फासावर चढवलं. खरा मारेकरी कधीच सापडला नाही. त्याला आता कुणी शोधतही नव्हतं.

काही दिवसांनी धाकूची बायको बाबलच्या दारात येऊन उभी राहिली. "भावजी, पाहिलं नव्हतं तर पहिल्याच दिवशी तसं का नाही बोललात?"

"लाज वाटली, वहिनी."

ती म्हणाली, "एवढ्यासाठी?"

तात्पर्य: जे पाहिलं नाही, ते पाहिलं नाही असं पहिल्याच वेळी सांगावं. साक्ष फिरवत गेलेला माणूस शेवटी खरं बोलला, तरी त्या खऱ्याने कुणाचा जीव वाचत नाही.