अरुणपूरचा धनुर्धर

पूर्वी अरुणपूर नगरात राजा वसुसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका वैद्यकुळात जन्म घेतला. मनाने खचलेल्यांवर ते उपचार करीत. त्या नगरात कोणी बोलेनासा झाला, की मांत्रिक त्याला वेताच्या छडीने झोडपत. अंगातले भूत नाव सांगेपर्यंत हात थांबवायचा नाही, अशी चालच होती. आणि लोक हे मोठ्या मायेने करवून घेत, काय म्हणावे!

लढाईहून परतलेला धनुर्धर रोहक गजशाळेच्या कोपऱ्यात बसला, तो उठेना, बोलेना. जवळ जाणाऱ्यावर बाण रोखी. त्याचा धाकटा भाऊ रणात पडला, एवढेच सर्वांना ठाऊक होते. राजाने फर्मावले, "पौर्णिमेपर्यंत बरा झाला नाही, तर मांत्रिकांच्या हाती द्या."

रोहकाची आई उत्पला बोधिसत्त्वांच्या पाया पडली. "एक गेला, वैद्यराज. हा तरी मला परत द्या."

बोधिसत्त्व गजशाळेत गेले. बसता बसताच त्यांनी विचारले, "रणात काय झाले, बाळा?"

रोहकाने बाण थेट त्यांच्या छातीवर रोखला. दाराशी उभे सैनिक धावले. बोधिसत्त्वांनी त्यांना मागे फिरवले. छडी न उचलताही आपण याला बोलते करायलाच निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

"चुकलो," ते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.

हत्ती गवत खात होते. उन्हे कलली. बाण हलला नाही, बोधिसत्त्वही हलले नाहीत.

"भीती नाही वाटत?" अखेर रोहकाने विचारले.

"वाटते."

"मग जात का नाही?"

"तूही घाबरला आहेस. एकट्याला कसा सोडू?"

रोहकाने बाण खाली केला. 

त्यानंतर बोधिसत्त्व रोज येऊन नुसते बसत. पौर्णिमेच्या सकाळी रोहक आपणहून म्हणाला, "धुळीत काही दिसत नव्हते. भावाला माझाच बाण लागला. आईला कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांगशील तेव्हा मी शेजारी असेन."

उत्पला आली. रोहकाने सांगितले. तिने हंबरडा फोडला, छाती पिटली. बोधिसत्त्व तिलाही 'शांत हो' म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने ती सरकत पुढे आली आणि लेकाचे डोके तिने मांडीवर घेतले. मांत्रिकांना घेऊन आलेला राजा दारातच थबकला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो रोहक म्हणजे आज इथे बसलेला सोणक. उत्पला ती थेरी, आपली वृद्ध भिक्षुणी भद्रिका, राजा तो आपला उपासक मेघिल. वैद्य मी होतो. औषध माझ्यापाशी काहीच नव्हते. उठून न जाण्याइतकी अहिंसा तेवढी होती."