राजाच्या शेतावर घुबडाची नेमणूक

निंबगडच्या भानुराजाच्या ज्वारीत उंदीर आणि अळ्या माजल्या होत्या, आणि ओढ्यापलीकडे हैबती शेतकऱ्याची ज्वारी मात्र कणसांनी वाकली होती. राजाने याचा सरळ अर्थ काढला, की हैबतीने आपले उंदीर राजाच्या शेतात पाठवले.

हैबतीला दरबारात उभं केलं. राजासमोर त्याची दातखीळ बसली, म्हणून त्याची लेक सारजा पुढे झाली.

"उंदीर आमच्याकडंबी येत्यात, म्हाराज. पण बाभळीच्या ढोलीत घुबड हाय, ते त्येंची सोय लावतं. अळ्या पाखरं टिपत्यात. खळ्यावर सुताराला, चांभाराला बलुतं देतो, तसं पाखरांसाठी कोपऱ्यातली कणसं उभी सोडतो. घुबड दाणे खात नाय, त्याला बाभूळच दिलीया."

घुबड चाकरीला ठेवण्याची कल्पना राजाला आवडली. माणूस मोठा टापटिपीचा. बांधावरच्या बोरी-करवंदी उपटून, बाभळी तोडून, ओढ्याकाठचं डबकं बुजवून त्याने शेत असं लख्ख केलं होतं, की चिमणीला टेकायला काडी उरली नव्हती.

"उद्यापासून तुझी पाखरं माझ्या शेतावर कामाला लागली पाहिजेत," राजा म्हणाला. "जाळं नको, पिंजरा नको. कणीस सोडायचं नाही, झुडूप वाढवायचं नाही, पाण्याचा चिखल करायचा नाही. जमलं नाही, तर तुमचं शेत जप्त. मग तेही आम्ही असंच स्वच्छ करू."

हैबतीने हात जोडले. सारजा तर त्याच बांधावर चालायला शिकली होती; तो उजाड झालेला तिला बघवला नसता. पण राजाशेजारी उभ्या असलेल्या गुबगुबीत सेनापतीवर तिची नजर गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"धाडते की," ती म्हणाली. "फकस्त पाखरांनी सरकारी चाकरी कधी केली नाय. रीत दावायला कुणीतरी म्होरं पायजे."

"कोण पाहिजे, सांग."

"सेनापती. आज त्येंचा वाडा पाडायचा, आड बुजवायचा, शिधा बंद करायचा. उद्या उजाडताच ते कामावर हजर झाले, की त्येंच्या मागनं पाखरं आलीच म्हणून समजा."

राजाने सेनापतीकडे पाहिलं. सेनापती आपल्या जोड्यांकडे पाहत होता.

"याल ना हो?" राजाने विचारलं.

"येईन की, महाराज," सेनापती म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "शेजारच्या राज्यात चाकरी शोधायला जाईन, तेव्हा वाटेत इकडे डोकावून जाईन."

राजा पोट धरधरून हसला. डोळे पुसून त्याने हैबतीचं शेत कायमचं त्याच्या नावे केलं आणि आपल्या शेताचे सगळे बांध अन् ओढ्याचा काठ सारजाच्या हवाली केला. तिथे तिने हवं ते वाढू द्यावं, डबकंही पुन्हा खणून घ्यावं, कोणी हटकायचं नाही. वर स्वतःच्या हाताने तिला चांदीचे तोडे दिले.

सेनापती एवढा वेळ थांबून होता. त्याने हळूच पुढे होऊन विचारलं, "महाराज, म्हणजे आजचं जेवण ठरल्याप्रमाणेच ना?"