उतराई माफ

एका नदीच्या दोन काठांवर मिळून एक राज्य होते. अलीकडे राजवाडा आणि बाजार, पलीकडे सगळी गावे. मध्ये एकच नाव.

महागाईने लोक गांजले होते. म्हणून पाडव्याच्या दरबारात राजाने जाहीर केले, "आजपासून नदीची उतराई माफ! नावेत बसायला कुणी भाडे देऊ नये." दिवाणजी तयारीतच होते. घाटाच्या वाटेवर त्यांनी सात लाकडी कमानी उभारल्या. प्रत्येकीवर लिहिले होते 'उतराई माफ' आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, दिवाणजींचे नाव.

दवंडी पिटण्याचे काम सटवाजीचे. खोट्या शब्दावर डफ वाजवायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. सकाळी त्याने बाजारात दवंडी दिली. लोकांनी त्याच्या तोंडात गूळ घातला. मग पलीकडच्या गावांना सांगायला तो खुशीत घाटावर आला.

पाहतो तर नाव वाळूत पालथी. तिच्या सावलीत नावाडी धर्मा बसलेला.

"धर्मा, चल. पलीकडे दवंडी द्यायचीय."

"कसली?"

"उतराई माफ झाल्याची."

धर्मा हसला. "बाबा, ती उतराईच माझी भाकर होती. तिच्यातूनच नावेला डांबर लागायचं, फळी बदलायची. भाडं माफ केलंत. नाव कशावर चालणार, ते विचारलं कुणी?"

पहाटे नावेने येऊन, भाजी विकून घरी निघालेल्या बायका काठावर अडकल्या होत्या. म्हाळसाक्का रिकाम्या पाटीवर बसूनच म्हणाली, "कालपर्यंत दमडी देऊन घरी पोचत होते. आज फुकटात इथं बसलेय. वाजव की तुझा डफ, करमणूक तरी होईल!"

सटवाजीला तोंडातला गूळ कडू लागला. तो तसाच दरबारात परतला.

"दोन्ही काठांवर दवंडी झाली?" दिवाणजींनी विचारले.

"एकावरच झाली, दिवाणजी."

"का? पाय दुखले?"

"पायांनी नदी ओलांडता येत नाही."

दरबार हसला. दिवाणजी लाल झाले. "डफ खाली ठेव! उद्यापासून दुसरा कुणी वाजवील."

चाळीस वर्षांचा डफ. त्याच्यावरच घर चाललेले. सटवाजी राजाला म्हणाला, "ठेवतो, महाराज. पण सकाळी बाजारात माझ्या तोंडून खोटं गेलं. तेवढं डफ वाजवून मागं घेऊ द्या. मग ठेवतो."

राजा उठला आणि दिवाणजींना घेऊन सातही कमानींखालून चालत घाटावर गेला.

"बसा, महाराज," म्हाळसाक्का म्हणाली. "बसायला भाडं नाही."

राजा खरेच वाळूत बसला. "धर्मा, नाव कधी सुटेल?"

"पगार ठरला की लगेच. पण ही जुनी झालीय, पुढचा पावसाळा काढायची नाही. लाकूड लागेल."

राजाने मागे वळून कमानींकडे पाहिले. "दिवाणजी, हा साग आहे ना?"

"उत्तम साग, महाराज!" दिवाणजी अभिमानाने म्हणाले.

त्याच संध्याकाळी धर्माचा पगार खजिन्यातून ठरला आणि बायका घरी पोचल्या. महिन्याभरात सात कमानींची एक ऐसपैस नाव झाली. रंध्याखाली दिवाणजींचे नाव गेले, पण एका फळीवर 'माफ' तेवढे राहिले. पहिल्या खेपेला राजा होता आणि डफ घेऊन सटवाजी होता.

पलीकडे उतरताना म्हाळसाक्काने हात जोडले. "महाराज, तुमचे उतराई कसे व्हावे?"

सटवाजीने डफावर थाप मारली. "आक्का, उतराई माफ!"

तात्पर्य: भाडे माफ करणाऱ्याने आधी नाव चालती ठेवावी. जी सोय लोकांना मिळतच नाही, तिच्यावरची सवलत म्हणजे नुसती कमान.